मिठाचा अंदाज

पेटी मालगाडीनं आली, अडुसष्टच्या मे महिन्यात.
ग्वाल्हेर स्टेशनापासून मोठ्या इस्पितळापर्यंत हातगाडीवर.
वेणूबाई खासगीवाले, एम. डी., मागून चालत,
दर खड्ड्याला म्हणत, "हळू रे, हळू."

आत निघाला स्टीलचा हौद,
एक पंप, सेलोफेनच्या नळीची गुंडाळी
आणि जर्मन पुस्तिका.
ती जनकगंजच्या एका पेन्शनर ओव्हरसियरनं वाचून दाखवली.
'लघवी' शब्द आला की तो खाकरायचा.
"खाकरू नका, आप्पा," बाई म्हणायच्या,
"सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे."

मी तेव्हा बाटल्या धुणारा, नववी नापास,
आडनाव शितोळे, पण सरदारांतला नव्हे.
मला बाईंनी मीठ मोजायला बसवलं.
शंभर लिटर पाणी, चार तऱ्हेची मिठं, थोडी साखर.
"काटा खोटं बोलेल," त्या म्हणाल्या, "जीभ नाही.
चाखून बघ. आमटीहून कमी.
डोळ्यातलं पाणी ओठांवर उतरतं ना, तेवढं."

पाणी पहाटे पाचला यायचं, तिघऱ्याचं, गढूळ.
रक्ताला सदतीस अंश लागतात;
उन्हाळ्यात त्याहून जास्त ग्वाल्हेरला फुकट मिळतात.
मग बर्फखान्याची लादी, गोणपाटात, हौदाला बाहेरून.
वीज गेली की पंपाचा दांडा मी फिरवायचो
आणि बाई नाडीवर बोट ठेवून फेरे मोजायच्या,
मोजता मोजता वीज मंडळाला शिव्या,
आकडा मात्र चुकायचा नाही.

साप चावलेले यायचे,
चोरून पोट पाडायला गेलेल्या बायका, तापानं फणफणलेल्या,
चंबळकडचा एक, मांडीत गोळी, नाव न सांगणारा.
त्यांची मूत्रपिंडं नुसती रुसलेली असायची.
आठ-दहा दिवस त्यांचं काम आम्ही करायचो,
मग एका सकाळी बाटलीच्या तळाशी
चाळीस मिली, पिवळं.
बाई ती बाटली उजेडाला धरून
अख्ख्या व्हरांड्यातून चालायच्या.
सुपरिंटेंडेंटनी एकदा नाकाला रुमाल लावला.
बाईंनी त्यांनाही जवळून दाखवली.

हनीफ मास्तरांचं वेगळं.
दौलतगंजात शेरवान्या शिवायचे.
त्यांची मूत्रपिंडं रुसली नव्हती, गेली होती.
अशांना घेऊ नये, असं पुस्तिकेत आहे, आप्पा म्हणाले.
बाईंनी घेतलं.
मग आणखी एकदा. अकरा वेळा.
दर खेपेला हाताची एक शीर कमी व्हायची.
मास्तर पडल्या पडल्या खिशातून टेप काढून मशीन मोजायचे
आणि एका गुरुवारी गिलाफ घेऊन आले,
खाकी कॅनव्हासचा, दुहेरी शिलाई,
पंपाच्या दांड्याला वेगळी बाही.

बाराव्या खेपेला घाटीगावचा पोरगा आला,
नऊ वर्षांचा, घोणस चावलेला.
गुंडाळी एकच उरली होती,
बाकीच्या मुंबईच्या कस्टममध्ये.
बाई दोन खाटांच्या मधे नुसत्या उभ्या.
मास्तरांनी चपला पुन्हा पायात घातल्या.
"इसे लगाइए, बाईसाहब.
मेरा नाप तो आप ले चुकीं."

त्या दिवशी माझं मीठ दोनदा चुकलं.
बाईंनी स्वतः चाखलं,
बोलल्या नाहीत, हौद रिकामा करायला लावला.

पोरगा नवव्या दिवशी मुतला.
बाई व्हरांड्यातून चालल्या नाहीत.
वहीत आकडा लिहिला
आणि त्याखाली मास्तरांची तारीख.

पुढे त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला;
नारळ त्यांनी वॉर्डाच्या पायरीवर फोडला,
पाणी कुणालाच प्यायला दिलं नाही,
"पोटॅशियम आहे त्यात."

आता माझीच बायको आठवड्यातून दोनदा जाते.
वीस मशिनं, थंड हवा, पाणी कुठूनसं आपोआप येतं.
परवा तिथल्या पोराला विचारलं, "चाखलंस का?"
तो हसला, स्क्रीन दाखवली. आकडा बरोबर होता.
त्याची पाठ वळल्यावर मी नळीखाली बोट धरलं.

किंचित कमी वाटलं.
जीभ म्हातारी झाली असेल.